दीर्घकाळ चालणाऱ्या विनोदी मालिका आणि विनोदाचा क्षय : तमाशाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात लोणी हे गाव आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेर मानले जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावाशी ते कायमचे जोडले गेले आहे. चैत्र जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तेथे येतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. लोणी-धामणीच्या परिसरातील माणसाला अशा रीतीने वर्षातून एखादी रात्र तमाशातील विनोद भेटतो आणि उरलेल्या रात्री दूरचित्रवाणीवरील. विनोदाच्या दोन अगदी भिन्न व्यवस्था एकाच अंगणात नांदत असल्याने त्यांची तुलना करणे येथे स्वाभाविक ठरते.

मालिका लांबली की तिच्यातील विनोद आटतो, हे विधान आता सर्वमान्य झाल्यासारखे आहे. लेखक थकतात, नट सोडून जातात, विषय संपतात, अशी त्याची कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत, परंतु अपुरी आहेत. केवळ दीर्घकाळ चालल्याने विनोद मरत असता, तर तमाशातील गवळण केव्हाच संपायला हवी होती. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरीही मावशीने तोंड उघडताच तो हसतो. विनोदाच्या क्षयाचे कारण म्हणूनच कालावधीत न शोधता अन्यत्र शोधावे लागते. विनोदाला आपटण्यासाठी काहीतरी कठीण लागते. वाहता काळ, सामाजिक नियम किंवा हसण्यास नकार देऊ शकणारा प्रेक्षक यांपैकी काहीतरी त्याच्या वाटेत उभे असावे लागते. दीर्घकालीन मालिका स्वतःच्या सोयीसाठी हे अडथळे एकेक करून दूर करते, आणि त्याच क्रमाने तिच्यातील हसू कमी होत जाते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

पुनरावृत्तीचे दोन प्रकार

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात पुनरावृत्तीला विनोदाचा शत्रू नव्हे, तर विनोदाचे साधन मानले होते. सजीव माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, हे त्याचे सूत्र सर्वपरिचित आहे. या सूत्राची दुसरी बाजू मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. यांत्रिकतेखाली सजीव माणूस अजून धडपडतो आहे, हे दिसत राहिले तरच ती यांत्रिकता हास्यास्पद ठरते. माणूस संपूर्णपणे यंत्र झाला की मागे केवळ यंत्र उरते, आणि यंत्राला कोणी हसत नाही.

कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ हा वग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील दोन हवालदारांच्या भूमिकांनी या भावांना महाराष्ट्रभर नाव मिळवून दिले आणि वर्षानुवर्षे लोक त्याच भूमिका पाहायला येत राहिले. इंदोरीच्या दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’मधील सावळ्या कुंभार असाच असंख्य रात्री जिवंत ठेवला. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ पासून दादा कोंडके यांनी गाजवले, तेव्हा संहिता जागेवर राहिली आणि तिच्या फटींत त्या त्या आठवड्याचे राजकारण, त्या त्या गावची माणसे शिरत गेली. बतावणीत सरदार आणि सोंगाड्या यांचा संवाद रंगू लागला की सोंगाड्या ज्या गावात उभा आहे त्या गावाचा होतो. तेथील पुढाऱ्याचे नाव, पाण्याची ओरड, कांद्याचा पडलेला भाव असे सारे त्याच्या बोलण्यात येते. सांगाडा तोच राहतो, परंतु त्यातील मांस दररोज ताजे असते.

याच ठिकाणी एक साधे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. फडाजवळ एक वग असतो आणि त्यासाठी दोनशे गावे असतात. गाव बदलते, म्हणून वग बदलावा लागत नाही. आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या मालिकेला मात्र वर्षाकाठी सुमारे २६० भाग लिहावे लागतात आणि समोरचा प्रेक्षक तोच असतो. तमाशात संहिता स्थिर असते आणि प्रेक्षक हलता असतो. मालिकेत प्रेक्षक स्थिर असतो, म्हणून संहितेला पळावे लागते. इतक्या वेगाने लिहिणे शक्य व्हावे यासाठी एक युक्ती करावी लागते. प्रसंग बदलत ठेवायचे आणि पात्रे गोठवून टाकायची. पात्र एका सवयीपुरते, एका उद्‌गारापुरते उरले की कोणताही लेखक ते कोणत्याही प्रसंगात बसवू शकतो. लेखकाच्या दृष्टीने ही सोय आहे, पात्राच्या दृष्टीने मात्र तो मृत्यू होय.

मराठी विनोदी साहित्यालाही आवर्ती पात्रे नवी नाहीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या लेखामागून लेखात येतात. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तर वाचकांच्या घरचेच झाले आणि पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने प्रेक्षकांच्याही घरचे झाले. परंतु चिमणराव कथांमधून पुढे सरकतो. त्याचे लग्न होते, मुले होतात, जबाबदाऱ्या वाढतात. भित्रेपणा तोच राहिला तरी त्याला घाबरायला नवी कारणे मिळत जातात. पात्राचा स्वभाव स्थिर असणे आणि त्याचे आयुष्य स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालिकांच्या चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

गोकुळधाम आणि बटाट्याची चाळ

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका हिंदी असली तरी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ती मराठी मालिकांइतकीच पाहिली जाते, म्हणून तिचा विचार येथे टाळता येत नाही. तारक मेहता यांनी ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून चालवलेल्या सदराचा तिला आधार आहे. २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेल्या या मालिकेने चार हजार भागांचा टप्पा मागे टाकला आहे. मूळ सदर साप्ताहिक होते, मालिका मात्र दैनंदिन झाली. या एका बदलाचे परिणाम फार दूरवर गेले.

मराठी समीक्षकाने या मालिकेतील आत्माराम तुकाराम भिडे या पात्राकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मंदार चांदवडकर यांनी साकारलेला हा शिकवण्या घेणारा मास्तर सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्याची पत्नी माधवी लोणची-पापड करून विकते. आरंभीच्या काळातील भिडे हा खरोखर विनोदी माणूस होता, कारण तो नियम आणि मिळकत या दोहोंत सापडलेला होता. देखभालीची थकबाकी मागताना त्याला श्रीमंत शेजाऱ्यापुढे ताठ उभे राहायचे असे आणि महिन्याचा हिशेबही जुळवायचा असे. टप्पूच्या चेंडूने त्याच्या खिडकीची काच फुटे, तेव्हा त्या काचेला किंमत होती. बहुभाषिक मुंबईत मराठी मध्यमवर्गीय माणसाचे जे काही उरले आहे, म्हणजे शिस्त, काटकसर आणि जुन्या काळाचा अभिमान, त्याची ती थट्टा होती आणि त्यात काहीसे दुःखही होते. पुढे काच फुटत राहिली, परंतु तिची किंमत कोणी मोजेनासे झाले. स्कूटर बंद पडत राहिली, परंतु त्यामुळे भिड्यांचे काही अडेनासे झाले. त्याचा उणेपणा त्याला महाग पडत नाही, म्हणून तो विनोदी राहिलेला नाही. तो आता केवळ ओळखीचा आहे.

पत्रकार पोपटलालचे उदाहरण याहून बोलके आहे. अविवाहित राहिलेल्या प्रौढ माणसाची लग्नासाठीची धडपड हा भारतीय समाजात हास्य आणि करुण यांच्या सीमेवरचा विषय आहे. पहिली काही वर्षे प्रत्येक मोडलेल्या स्थळाबरोबर पोपटलालचे काही तुटत असे. जुळलेले लग्न मोडणार याची खात्री प्रेक्षकाला झाली, तेव्हा त्या प्रसंगातील टांगता धोका संपला. लग्न लावून दिले तर गंमत संपेल या भीतीने मालिकेने ते लावले नाही. न लावल्यामुळेच गंमत संपली.

या मालिकेत काळाला प्रवेश नाही, परंतु नटांच्या शरीरात त्याने प्रवेश केलाच. टप्पूची भूमिका करणारा मुलगा मोठा झाला, मालिका सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा, मग तिसरा नट आला. दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७ मध्ये बाहेर पडल्या. त्यानंतर वर्षानुवर्षे ते पात्र माहेरी आहे असे सांगत प्रेक्षकाला परतीच्या आशेवर ठेवले गेले. कवी कुमार आझाद यांचे २०१८ मध्ये आणि घनश्याम नायक यांचे २०२१ मध्ये निधन झाले. नायक यांचे घराणे गुजरातच्या भवाई या लोकनाट्यपरंपरेतले. आपल्या तमाशाची ही सख्खी मावसबहीणच होय. वयाबरोबर थकत गेलेला, अडखळणारा त्यांचा नट्टू काका हे मालिकेतील कदाचित एकमेव असे पात्र होते की ज्यात काळ दिसत होता, आणि शेवटपर्यंत हसू टिकलेल्या थोड्या पात्रांपैकी ते एक होते. हा योगायोग वाटत नाही.

गोकुळधामच्या शेजारी पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ ठेवून पाहिली तर फरक स्पष्ट होतो. दोन्हीकडे एकच वस्ती आहे, ठरीव स्वभावाचे शेजारी आहेत आणि क्षुल्लक कारणावरून उठणारी मोठी वादळे आहेत. उपास, भ्रमणमंडळ, गच्चीसाठीचे भांडण या विषयांवर एखादी मालिका सहज शंभर भाग काढील. पु. लं.नी तसे केले नाही. त्यांच्या चाळीला आरंभापासून जुनेपणाचा वास आहे आणि शेवटच्या चिंतनात ती चाळ मोडकळीला आलेल्या एका जगण्याचे नाव होते. आधीच्या सर्व हशाला त्या चिंतनामुळे वजन येते. १९६१ पासून रंगमंचावर एकपात्री रूपात आलेल्या चाळीतही ते वजन कायम राहिले. चाळ जाणार आहे, म्हणून चाळकऱ्यांच्या भांडणांना गोडी आहे. गोकुळधाम कधीच जाणार नाही.

इंग्लंडमध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या गाजलेल्या मालिकेचे १९७५ व १९७९ मध्ये मिळून केवळ १२ भाग झाले, ही गोष्ट अशा चर्चेत नेहमी आदर्श म्हणून सांगितली जाते. तो आदर्श आपल्याकडील दैनंदिन मालिकांना लावण्यात फारसा अर्थ नाही, कारण तेथील उत्पादनव्यवस्थाच निराळी आहे. त्यापेक्षा जवळचे उदाहरण २००१ ते २००५ या काळातील ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे आहे. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या साप्ताहिक मालिकेत दैनंदिनीचा सांगाडा होता. दैनंदिनीला तारीख असते. आजोबा थकतात, नातवंडे वाढतात, मधली पिढी पैशाची काळजी करते. तारखेमुळे काळाला आत येण्याची वाट आपोआप मोकळी राहिली. तिचे जुने भाग आजही शिळे वाटत नाहीत.

मावशीचे लुगडे

१८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम कथामालिका नव्हे. तो प्रहसनांचा कार्यक्रम होय, आणि म्हणूनच तमाशाला अधिक जवळचा. निलेश साबळे यांचे सूत्रसंचालन, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे यांचा अभिनय आणि थुकरटवाडी हे काल्पनिक गाव यांनी पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्राला मनमुराद हसवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली किंवा भाऊ कदम यांचा गोंधळलेला निरागसपणा यांनी पुण्या-मुंबईच्या प्रमाण विनोदाला दिलेला छेद महत्त्वाचा होता. मार्च २०२४ मध्ये हा कार्यक्रम थांबला. २०२५ मध्ये तो नव्या सूत्रसंचालकासह परतला. परंतु विनोदाच्या क्षयाचा विचार करताना ती पहिली दहा वर्षेच विचारात घ्यावी लागतात.

या कार्यक्रमावर सर्वाधिक आक्षेप घेतला गेला तो पुरुषांनी साडी नेसण्याचा. वस्तुतः पुरुषाने स्त्रीवेष घेणे ही तमाशाची जुनी रीत आहे. गवळणीतील मावशी पुरुषच असतो. तेव्हा आक्षेप साडीवर घेऊन चालणार नाही. मावशीला गवळणीत काम असते. ती गौळणींची राखणदार आहे, कृष्णाशी ती सौदा करते, त्याच्या देवपणाची खिल्ली उडवते आणि शेवटी त्याच देवाला शरण जाते. तिच्या थट्टेला समोर एक देव उभा आहे, म्हणून ती थट्टा धीट ठरते. दूरचित्रवाणीवरील साडीला हळूहळू असे कोणतेच काम उरले नाही. पुरुष साडी नेसून आला, एवढाच विनोद झाला. पहिल्या वेळी तो पुरला, पन्नासाव्या वेळी पुरणे शक्य नव्हते. त्यात स्त्रीच्या देहाची, जाडेपणाची, रंगाची टिंगल मिसळली तेव्हा तो विनोद शिळा तर झालाच, शिवाय ओशाळवाणाही झाला.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. नव्या चित्रपटाची मंडळी प्रसिद्धीसाठी येत आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या चित्रपटाचे विडंबन सादर होई. विडंबन ही मूलतः अवज्ञा आहे. ज्याचे विडंबन करायचे तोच सोफ्यावर बसून टाळ्या देत असेल आणि कार्यक्रमाच्या शेवटी त्याच्या चित्रपटाची तारीख सांगायची असेल, तर त्या अवज्ञेला दात राहत नाहीत. हे दात एका दिवसात पडले नाहीत. आरंभी काही विडंबने खरोखर बोचरी होती. परंतु प्रसिद्धीचा व्यवहार जसजसा पक्का झाला तसतशी थट्टा सत्कारात विरघळली.

लक्षणीय बाब अशी की, याच कार्यक्रमातील सर्वात स्मरणीय भाग विनोदी नव्हता. सागर कारंडे यांनी साकारलेला पोस्टमन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचून दाखवी. शेतकरी, सैनिक, म्हातारे आई-वडील अशांच्या आयुष्यातील बोच त्या पत्रांत असे. काही पत्रांत भावुकता अधिक होती, हे खरे. तरीही त्या पाच-सात मिनिटांत थुकरटवाडीला खऱ्या गावाचा धक्का लागे आणि नंतरच्या हशाला पुन्हा बूड मिळे.

नकार देणारा प्रेक्षक

तमाशाच्या तंबूत विनोद पडला तर सोंगाड्याला तत्क्षणी कळते. प्रेक्षक गप्प बसतो, शिट्टी वाजवतो, प्रसंगी दगडही येतो. हे अर्थातच गौरवाचे नाही. त्या उद्दामपणाची किंमत कलावंत स्त्रियांनी किती मोजली हे विठाबाईंच्या चरित्राकडे पाहिले तरी समजते. तमाशाचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. चित्रपटगीतांच्या भडिमारात वग आखडला आहे, बतावणीतील द्वयर्थ अनेकदा एकार्थीच असतो, आणि करोनाच्या साथीत २०२० व २०२१ मध्ये यात्रा रद्द झाल्यावर फडांची जी वाताहत झाली तिच्यातून सर्व फड सावरले असे म्हणता येत नाही. तथापि एक गोष्ट तमाशाने टिकवली आहे. हसायचे की नाही, हा निर्णय तेथे गावकऱ्याच्या हातात असतो.

दूरचित्रवाणीने हा निर्णय त्याच्याकडून काढून घेतला. पूर्वी ध्वनिमुद्रित हशा असे. आता मंचासमोर परीक्षक असतात. २०१८ पासून सोनी मराठीवर सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव यांच्यासारखे नट संवादाच्या वेळेचे जे भान दाखवतात ते कोणत्याही रंगभूमीला भूषणावह आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी लेखकांची एक फळी उभी केली, हेही त्यांचे श्रेय. परंतु तेथेही कॅमेरा वारंवार परीक्षकांच्या हसण्याकडे वळतो. कुठे हसायचे हे घरच्या प्रेक्षकाला दाखवले जाते. जे प्रहसन मुळात चांगले आहे त्याला या मदतीची गरज नसते, आणि जे चांगले नाही त्याला या मदतीमुळे आपण पडलो हे कळतच नाही. टी.आर.पी.चे मोजमापही येथे उपयोगाचे नाही, कारण ते संच चालू आहे एवढेच मोजते. संचासमोरचा माणूस हसला की नाही, हे कोणत्याही यंत्रात नोंदवले जात नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. लोक दीर्घ मालिका हसण्यासाठी पाहतच नाहीत. जेवताना घरात ओळखीचे आवाज असावेत म्हणून पाहतात, असे म्हटले जाते. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले, वाहिन्यांनी जुने भाग पुन्हा दाखवले आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले, ही वस्तुस्थिती या मताला बळ देते. शेतातून परतलेल्या माणसाला किंवा घरात एकट्या पडलेल्या वृद्धेला ही सोबत मोलाची वाटत असेल, तर तिची हेटाळणी करण्याचा अधिकार समीक्षेला नाही. परंतु सोबत आणि विनोद या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्याचा अधिकार तिला निश्चित आहे. सोबतीला अडथळा नकोसा असतो; विनोद अडथळ्याशिवाय उभा राहत नाही. मालिका एकीचे काम करू लागते आणि नाव मात्र दुसऱ्याचे लावत राहते, तेव्हा नव्या लेखकाला विनोद म्हणजे हेच असे वाटू लागते. महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतून येणाऱ्या संहितांमध्ये पात्राऐवजी उद्‌गार आणि प्रसंगाऐवजी वेष दिसू लागला असेल, तर त्याचे मूळ येथे शोधता येईल.

चैत्रात लोणीच्या परिसरात तमाशाचा तंबू उभा राहतो तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक आदल्या रात्रीपर्यंत दूरचित्रवाणी पाहत होता, तोच असतो. सोंगाड्याला त्याच्या अपेक्षा बदललेल्या दिसतात आणि मालिकेतला एखादा उद्‌गार उचलण्याचा मोह त्याला होतो. तो उद्‌गार उचलला की ओळखीचा हशा मिळतो, परंतु लांबत नाही. मग त्याला गावाचे नाव घ्यावे लागते.